मेंदूचा तुकडा काय सांगतो

सकाळी ८. गोंदियातली आमची लॅब उघडते. रात्रभर प्रोसेसरमध्ये राहिलेले तुकडे तंत्रज्ञ मेणात बसवतो. बहुतेक नमुने गर्भाशयाचे, स्तनाचे आणि खर्रा खाणाऱ्यांच्या तोंडातले.

१०. देवरीकडच्या पस्तिशीतल्या शेतकऱ्याचा भाऊ ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, घेऊन येतो. झटके यायचे म्हणून नागपूरला मेंदूची गाठ काढली. दुसरं मत हवंय. मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप निघतात.

१२. सूक्ष्मदर्शकाखाली अ‍ॅस्ट्रोसायटोमा ही मेंदूची गाठ दिसते. पूर्वी पेशींच्या रूपावरच निदान व्हायचं. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जनुकीय मार्कर निदानाचाच भाग झाले, २०२१ मध्ये त्यांचं वजन आणखी वाढलं. सारख्या दिसणाऱ्या दोन गाठींपैकी जिच्यात आयडीएच जनुकातला बदल असतो, तिचा रुग्ण अनेक वर्षं जगू शकतो. बदल नसेल तर आजार बहुधा झपाट्यानं वाढतो.

२. न रंगवलेल्या काचा नागपूरला रवाना. तपासायचे मार्कर: आयडीएच-१, एटीआरएक्स आणि पेशी किती वेगानं वाढताहेत ते दाखवणारा केआय-६७. नेहमीची आयडीएच चाचणी त्या जनुकातला एकच बदल ओळखते. ती निगेटिव्ह आली, तर या वयात सिक्वेन्सिंग करायलाच हवं, हे पत्रात ठळक लिहिते.

४. तिरोड्याची मुलगी वडिलांचा रिपोर्ट घेऊन समोर बसते. ग्लिओब्लास्टोमा, मेंदूची आक्रमक गाठ.

"मॅडम, बाबांकडे किती दिवस आहेत?"

रिपोर्टमध्ये एमजीएमटी हे जनुक मेथिलेटेड, म्हणजे बंद पडलेलं, आहे. २००५ च्या एका मोठ्या अभ्यासात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे ४६ टक्के दोन वर्षांनंतरही हयात होते. मेथिलेशन नसलेल्यांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास. "बाई, हा आकडा अनेकांचा मिळून आहे, तुमच्या बाबांची तारीख नाही. पण हे औषध त्यांना लागू पडण्याची आशा जास्त आहे. उपचार थांबवू नका." ती औषधाचं नाव वहीत लिहून घेते.

६. दिवसाचे ब्लॉक क्रमांकानं कपाटात जातात. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो, उद्याची नवी चाचणीही त्यावर होऊ शकते.

म्हणून नातेवाइकांना विनंती: मेंदूची गाठ काढल्यावर रिपोर्टसोबत ब्लॉक कुठे ठेवलाय ते विचारा, आणि मार्कर तपासले का, हेही विचारा. पुढचा उपचार त्यावरही ठरतो.