बेल एअर की टू-टेन? जुन्या अमेरिकन गाडीची खरी ओळख कशी पटते

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटायला गर्दी जमते, तेव्हा सगळ्यांच्या नजरा एका गाडीची वाट पाहत असतात. छत्रपती घराण्याची मेबॅक. राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी कोल्हापूरकर लांबूनही ओळखतात. तिच्यासारखी दुसरी रस्त्यावर दिसत नाही, त्यामुळे ही नेमकी कोणती, असा प्रश्नच येत नाही.

जुन्या अमेरिकन गाड्यांचं गणित याच्या अगदी उलट आहे. 1957 च्या एकाच मॉडेल वर्षात शेवरोलेने पंधरा लाखांच्या आसपास गाड्या बनवल्या. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. मात्र एकीची किंमत दुसरीपेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि हा फरक बऱ्याचदा एका चकचकीत पट्टीत दडलेला असतो.

ट्रिम म्हणजे नेमकं काय?

आजच्या मारुतीत एलएक्सआय, व्हीएक्सआय आणि झेडएक्सआय असतात, तसंच हे आहे. गाडी तीच, सोयी आणि सजावट वेगळी. अमेरिकेत ही पद्धत 1950 च्या दशकात चांगलीच रुळली होती.

1953 ते 1957 या काळात शेवरोलेच्या तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात साधी वन-फिफ्टी, मधली टू-टेन आणि वरची बेल एअर. पत्र्याचा सांगाडा तिन्हींचा जवळजवळ एकच. सरकारी खाती आणि कंपन्यांचे फिरते विक्रेते साधी गाडी घेत, हौशी कुटुंबं बेल एअर घेत.

1957 च्या गाडीत फरक असा ओळखायचा:

- बेल एअर: मागच्या बाजूच्या पट्टीच्या आत रेघारेघांचा रुपेरी ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. समोरच्या जाळीला सोनेरी झाक असते.
- टू-टेन: पट्टीचा आकार तोच, पण आतला भाग नुसता रंगवलेला. जाळी रुपेरी.
- वन-फिफ्टी: पट्टी आखूड, सजावट अगदी कमी.

इम्पालाचे दिवे मोजा

भारतात सगळ्यात गाजलेलं नाव इम्पाला. ती 1958 मध्ये बेल एअरच्याही वरची गाडी म्हणून आली, आणि पहिल्या वर्षी फक्त दोन दारांचीच होती. चार दारांची इम्पाला 1959 पासून मिळू लागली. म्हणजे कोणी चार दारांची 1958 ची इम्पाला दाखवली, तर काहीतरी गडबड आहे हे तिथेच समजायचं.

दुसरी खूण मागच्या दिव्यांची. 1960 ते 1964 या काळात इम्पालाला मागे प्रत्येक बाजूला तीन गोल दिवे असत. तिच्या खालच्या बेल एअर आणि बिस्केन यांना दोन-दोनच. अर्थात तिसरा दिवा नंतरही बसवता येतो. म्हणून डिकी उघडून आतून पाहतात. पत्रा कापल्याच्या किंवा जुनी भोकं बुजवल्याच्या खुणा आतल्या बाजूला सहसा लपत नाहीत.

नाव वेगळं, गाडी तीच

या गाड्या आपल्याकडे आल्या कशा? जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग बोटीने यायचे आणि जोडणी इथे व्हायची. पुढे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या गाड्या जोडायला सुरुवात झाली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारी धोरण बदललं. नुसती जोडणी नको, उत्पादन इथेच करा, असा आग्रह सुरू झाला आणि जनरल मोटर्सने 1954 मध्ये इथलं काम बंद केलं.

क्रायस्लरच्या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. परदेशी बाजारासाठी प्लायमाउथचाच सांगाडा घेऊन, जाळी आणि नावाची पट्टी बदलून डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट विकल्या जात. त्यामुळे किंग्जवेचा एखादा भाग मिळत नसेल, तर त्याच वर्षाच्या प्लायमाउथचा शोधायचा. हे माहीत नसल्यामुळे कित्येक गाड्या ‘पार्ट मिळत नाही’ म्हणून वर्षानुवर्षं शेडमध्ये पडून राहतात.

खोटी पट्टी, खरी प्लेट

पट्टी बदलता येते, जाळी बदलता येते. मग खात्री कशी करायची? अमेरिकेत बनलेल्या 1955 ते 1957 च्या शेवरोलेत डाव्या पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर नंबरची प्लेट असते. त्या नंबरातलं अक्षर गाडीची पायरी सांगतं. ए म्हणजे वन-फिफ्टी, बी म्हणजे टू-टेन आणि सी म्हणजे बेल एअर. त्याआधी व्ही असेल, तर गाडी आठ सिलिंडरच्या इंजिनाची. बी अक्षराच्या गाडीवर बेल एअरच्या पट्ट्या दिसल्या, तर त्या नंतर लावलेल्या आहेत.

कोल्हापूरला काय जमतं?

जुनी गाडी उभी करण्याचं निम्मं काम धातूचं असतं, आणि ते कोल्हापूरच्या रक्तात आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्री आणि मशीन शॉप ऑइल इंजिनापासून ट्रॅक्टरच्या भागांपर्यंत ओतकाम करत आल्या आहेत. इंजिन बोअर करणं, स्लीव्ह बसवणं, तुटलेल्या भागाचं नवं ओतकाम करणं इथे नवीन नाही.

तरी एक खाच आहे. जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग थोडा लहान येतो. कारण बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. 50 सेंटिमीटरच्या मॅनिफोल्डमध्ये तो फरक 5 मिलिमीटर होतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. म्हणून पॅटर्न मुद्दाम मोठा करावा लागतो, आणि मशीनिंगसाठीही जागा सोडावी लागते.

चकाकीच्या कामात धातू ओळखणं महत्त्वाचं. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचा पोचा मागून हलक्या हाताने ठोकून काढता येतो, मग बफिंग केलं की ती नव्यासारखी होते. जस्ताच्या मिश्रधातूची नक्षी मात्र आतून फुगते. तिच्यावर नुसतं क्रोम चढवलं, तर काही महिन्यांत फोड येतात. तिला साफ करून आधी तांबं, मग निकेल आणि शेवटी क्रोम द्यावं लागतं. बेल एअरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तर ॲनोडाइज केलेला असतो, तो बफिंग मशीनवर धरला की त्याचा मूळ थर निघून जातो.

पेट्रोलचा प्रश्न

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ज्या उसाने कोल्हापूर जिल्ह्याला पैसा दिला, त्याच उसाचं इथेनॉल या गाड्यांच्या जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगला खातं. इथेनॉल पाणीही धरून ठेवतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते. नळ्या आणि पॅकिंग इथेनॉल सोसणारी घालणं आता गरजेचं झालं आहे.

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, फेरनोंदणीची 5,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही.

म्हणूनच साध्या टू-टेनला बेल एअर बनवण्याचा मोह महागात पडू शकतो. विकत घेणाऱ्या जाणकाराने प्लेट वाचली की वाढीव किंमत तिथेच संपते, आणि तोवर मूळ पट्ट्या भंगारात गेलेल्या असतात. शिवाय साध्या गाड्या राबवून राबवून संपल्या, त्यामुळे धड राहिलेली वन-फिफ्टी आज सहज दिसत नाही.

गाडी गॅरेजमध्ये द्यायची असेल, तर तीन कामं आधी करावीत. नंबर प्लेटचा फोटो काढावा. प्रत्येक पट्टी उतरवण्याआधी तिच्या जागेचे आणि भोकांचे फोटो काढावेत. आणि उतरवलेला प्रत्येक तुकडा, कितीही खराब असला तरी, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवावा. नवा भाग बनवायची वेळ आली, तर नमुना म्हणून तोच तुकडा कामी येतो.