फाइलवरची तारीख किती खरी?

एखाद्या फाइलवर १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० अशी वेळ दिसली, तर ती तेव्हा तयार झाली असं समजू नका. वेळेच्या जागी नुसतं शून्य पडलंय. युनिक्स घराण्यातल्या सिस्टिम १९७०च्या आरंभापासून, जागतिक वेळेनुसार, सेकंद मोजतात. मंचेरियल असो की मुंबई, आपल्याकडे तेव्हा घड्याळात साडेपाच वाजलेले असतात.

या सिस्टिमांसाठीचं 'पोझिक्स' मानक प्रत्येक फाइलच्या तीन वेळा ठेवायला सांगतं: शेवटचं वाचन, मजकुरातला शेवटचा बदल, आणि मालकी-परवानग्यांसारख्या नोंदींतला शेवटचा बदल. फाइल जन्मली कधी, हे त्यात नाहीच! २००८च्या आवृत्तीपासून प्रत्येक वेळ दोन आकड्यांत असते, सेकंद आणि नॅनोसेकंद. सेकंदांचा आकडा ३२ बिटांचा असेल, तर १९ जानेवारी २०३८ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी तो भरतो आणि तारीख उलटून थेट डिसेंबर १९०१मध्ये जाते. २०२४च्या आवृत्तीने किमान ६४ बिट सक्तीचे केले. उशिरा का होईना, बरं झालं.

जुन्या 'फॅट' पद्धतीच्या पेन ड्राइव्हची तऱ्हा निराळी. तिथे सुरुवात १९८०पासून आणि बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने, म्हणून सेकंद नेहमी सम. शिवाय वेळ स्थानिक. कुठली, याची नोंद नाही. मंचेरियल, करीमनगरकडची कितीतरी माणसं आखातात कामाला आहेत. दुबईत रात्री ८ला सेव्ह केलेली फाइल अशा पेन ड्राइव्हवरून इकडे उघडली, तरी ८च दाखवते. खरं तर आपल्याकडे तेव्हा साडेनऊ वाजले होते. विंडोजची 'एनटीएफएस' पद्धत जागतिक वेळ ठेवते, तिथे हा घोळ होत नाही. मात्र विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की 'तयार झाल्याची' तारीख आजची आणि बदलाची जुनीच राहते. म्हणजे जन्माआधीच दुरुस्ती!

युनिक्स घराण्यातल्या लिनक्सवर 'टच' या एका कमांडने पोझिक्सच्या तीनपैकी पहिल्या दोन वेळा हव्या तशा बदलता येतात. तिसरी वेळ सिस्टिम स्वतः लिहिते, पण सिस्टिमचं घड्याळच मागे नेलं तर तीही फसते.

त्यामुळे जमिनीच्या किंवा पैशाच्या वादात तारखेचा स्क्रीनशॉट काढून निर्धास्त राहू नका. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, द्यावं लागतं. मूळ फाइल आणि ज्या फोनवर ती आहे तो फोन, दोन्ही जपून ठेवा.