सव्वा इंचाचं दार

ऑगस्ट १९४२मध्ये मौलाना आझाद आणि काँग्रेसचे इतर नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत आले. तिथे आझादांनी लिहिलेली पत्रं पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात छापली गेली, आणि त्यात चिमण्यांवर एक लांबलचक मजेदार प्रकरण आहे. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली होती, वरून काड्याकचरा पडायचा. त्यांनी आधी छत्री उगारली, मग बांबू घेतला, आणि शेवटी तह करून तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अशी लढाई घरोघर चालायची. माळवदाच्या घराला तुळया, तुळयांवर किलचन, वर मातीचा जाड थर. तुळई भिंतीत शिरते तिथे मूठभर पोकळी राहायचीच. शिवाय कोनाडे होते, देवादिकांच्या तसबिरी दोरीवर पुढे कललेल्या असायच्या, त्यांच्या मागे चिमणीचा संसार. स्लॅबच्या घरात हे काहीच उरलं नाही. भिंत गुळगुळीत, कोपरा बंद, खिडकीला जाळी. चिमणी कमी होण्याची इतरही कारणं आहेत. पिल्लांना लागणाऱ्या अळ्या आणि किडे फवारणीने मरतात, अंगणात दाणे पाखडायचे दिवस सरले. पण जागेपुरता प्रश्न एका फळीत सुटतो. बाजरीवरची पाखरं गोफणीने हाकण्यात ज्यांचं लहानपण गेलं, तीच माणसं आता पडवीत चिमणीसाठी पेटी टांगतात, याची मला गंमत वाटते.

पेटी करायला घेण्याआधी ती कुणासाठी, हे ठरवावं. बुलबुल, शिंपी, शिंजीर, सुगरण हे पक्षी आपलं घरटं उघड्यावर विणतात, बांधतात, टांगतात. पेटी कितीही सुंदर असली तरी ते तिच्याकडे ढुंकून पाहणार नाहीत. बिळात, ढोलीत, फटीत राहणाऱ्यांनाच पेटी लागते: चिमणी, साळुंकी, दयाळ, पिंगळा. कोण येणार, हे ठरतं दाराच्या मापावर. चिमणीला ३२ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत सव्वा इंच. दोन इंच केलंत की साळुंकी घुसेल आणि चिमणीला हुसकून लावेल. प्रदर्शनात मिळणाऱ्या रंगीबेरंगी पेट्यांचं दार बहुधा डोळ्यांना बरं दिसावं म्हणून मोठं ठेवलेलं असतं. त्या माझ्या मते शोभेच्या वस्तू, घरं नव्हेत.

लाकडाचं पाहू. सागवान उत्तम, पण या कामाला महाग. कडुनिंबाला कीड कमी लागते. सगळ्यात सोयीचं म्हणजे नगरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीतून भंगारात येणारी पॅकिंगची फळी. तिच्यावर शिक्का असेल तर तो वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घेऊ नये. पत्र्याचा डबा तर नकोच. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात पत्र्यातली पिल्लं भाजून निघतात. कुंभाराचं गाडगं चालतं, पण ते उघडून साफ करता येत नाही.

फळी ६ इंच रुंद, अर्धा इंच जाड आणि ५ फूट लांब घ्या. तिच्यातून सलग तुकडे काढायचे. पाठीसाठी १४ इंच. यातले वरचे आणि खालचे दोन-दोन इंच भिंतीला स्क्रू मारायला उरतात. मग १८ इंचांचा तुकडा काढा आणि त्यावर एका कडेला १० इंचांवर, समोरच्या कडेला ८ इंचांवर खूण करून तिरका काप घ्या. एका कापात दोन्ही बाजू तयार: मागे १० इंच उंच, पुढे ८ इंच. पुढच्या फळीला ८ इंच, तळाला ५ इंच, छपराला ९ इंच. एकूण ५४ झाले. उरलेले सहा इंच करवतीच्या कापांना आणि आपल्या चुकांना.

दोन्ही बाजू पाठीच्या कडांशी लावून उभ्या करा, म्हणजे मध्ये ५ इंच रुंदी राहते आणि तळ त्यात बरोबर बसतो. पाठीवरही खाली दोन इंच सोडायला विसरू नका. पुढची फळी बाजूंवर बाहेरून येते. तिची वरची कड रंध्याने सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तिरकी करा, नाहीतर छप्पर नीट टेकत नाही. खिळ्यांपेक्षा स्क्रू बरे. लाकूड ऊनपावसात फुगतं-आकसतं, खिळा सैल होतो.

दाराचा मध्य पुढच्या फळीवर खालून ६ इंच १ सूत. म्हणजे तळापासून दाराच्या खालच्या कडेपर्यंत ५ इंच खोली मिळते. एवढी का? मांजराचा पंजा किंवा कावळ्याची चोच पिल्लापर्यंत पोचू नये म्हणून. ३२ मिलिमीटरचा होल-सॉ मिळाला तर काम मिनिटाचं, नाहीतर गिरमिटाने भोकं पाडून कानशीने गोल करा. कड हाताला लागणार नाही इतकी घासा. आतली बाजू मात्र घासू नका. दाराखाली पटाशीने आडव्या खाचा पाडल्या तर पिल्लांना चढून यायला पायऱ्या मिळतात. तळाला चारही कोपऱ्यांत दोन-दोन सुतांची भोकं, आणि छपराखाली प्रत्येक बाजूला दोन. खालची ओल काढायला, वरची गरम हवा सोडायला.

दारासमोर बसायला काडी लावायची नाही. ती सगळ्यांना हवीशी वाटते, पण चिमणीला लागत नाही. ती सरळ दारावर येऊन बिलगते. काडीचा उपयोग होतो कावळ्याला, दारात बसून आत डोकवायला.

छप्पर बिजागरीवर ठेवा आणि सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मारा, म्हणजे पाणी मागून शिरत नाही. वाऱ्याने उघडू नये म्हणून पुढे एक आकडा.

आता सजावट, म्हणजे आपली हौस. नियम एकच: आत काही नाही. रंग नाही, वॉर्निश नाही, चमकीचा कागद तर मुळीच नाही. बाहेरून चुन्यात थोडा डिंक घालून हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यावर गेरूने वेलबुट्टी खुलते. लाकडाची नक्षी दिसायला हवी असेल तर कच्चं जवसाचं तेल पुसा, पण मग वर चुना धरत नाही. दोन्हीपैकी एक निवडा. बाजारचा रंग वापरलात तर पाण्यात मिसळणारा घ्या आणि वास जाईपर्यंत पेटी टांगू नका.

आकारासाठी नगरकरांना लांब जायला नको. १५८३मध्ये पुरा झालेला फराहबाग, किंवा लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात ती सलाबतखानाची अष्टकोनी कबर, दोन्हींच्या कमानी कागदावर उतरवून घ्याव्यात. अष्टकोनी पेटीचा मोह होतो. तो टाळा, आठ सांधे म्हणजे पाण्याला आठ वाटा. कमान फक्त दाराभोवती कापून चिकटवा. फळी तिथे जाड होते, दार खोल होतं, मांजराला अवघड जातं. तुर्कस्तानात ऑटोमन काळातल्या मशिदींच्या भिंतींवर चिमण्यांसाठी दगडी महाल कोरलेले आहेत, घुमट-मिनारांसह. नुसत्या भोकाने काम भागलं असतं, तरी तिथल्या कारागिरांनाही राहवलं नाही. खारीने दार कुरतडून मोठं करू नये म्हणून भोवती पितळी पत्र्याची चकती बसवा, तिच्यावर ठोक्यांनी नक्षी काढा. माझ्या मते सगळ्या पेटीत हीच सजावट सर्वांत चोख, कारण ती पहाऱ्यालाही बसते.

टांगायची ८ ते १० फुटांवर, पडवीत किंवा पागोळीखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेचं दुपारचं ऊन आणि नैऋत्येचा पाऊस दोन्ही चुकतात. छताच्या पंख्याजवळ अजिबात नको. चिमण्या शेजारपाजारानं राहतात, म्हणून दोन-तीन पेट्या थोड्या अंतराने लावल्या तर बरं. शेजारच्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीमुळे २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी पेट्या वाटल्या जातात. मी मात्र दिवाळीच्या सुटीत लावीन. नव्या पेटीवर विश्वास बसायला चिमणीला कधी काही महिने लागतात.

जोडी गवत नेताना दिसली की छप्पर उघडून पाहू नये. अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात, पुढच्या दोन आठवड्यांत पिल्लं उडतात. पेटी पूर्ण रिकामी झाली, पुन्हा कुणी आत-बाहेर करत नाही, अशी खात्री झाल्यावरच जुनं गवत काढा, तोंडाला फडकं बांधून. आत उकळतं पाणी ओता आणि छप्पर उघडं टाकून उन्हात वाळवा. उवा-पिसवांसाठी कीटकनाशकाची पूड टाकायची नाही, उकळतं पाणी पुरतं. पेटी हातात आहे तोवर बाहेरून चुन्याचा नवा हात देऊन घ्यावा.