ऐकणारा माणूस कसा तयार होतो?

वस्तीतल्या एका ताईला दोन महिने झोप नव्हती. छातीत धडधड, कामात मन नाही, लेकरांवर चिडचिड. आशाताईंनी समजूत घालून तिला एका दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे पाठवलं. परत आली ती ठरवूनच, "मी आता तिकडं जात नाई. बाईनं पयले मले आडनाव इचारलं, मंग वस्ती इचारली. मंग म्हने, तुमच्यात नवरे पेतातच!" पुढची तारीख होती, ती गेली नाही. औषधात काही चूक नव्हती. समोरच्या माणसाच्या वागण्यात होती.

मनाच्या उपचारात ऐकणाऱ्याचं वागणं हासुद्धा औषधाचाच भाग असतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये हेच मांडलं होतं: समोरच्याचं दुःख त्याच्या जागेवरून समजून घ्यावं, त्याला अट न घालता मान द्यावा आणि आपण वरवरचं वागू नये. पण हा स्वभाव जन्मजात असतो की शिकवता येतो?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. नागपूरची प्रकृती आणि गोव्याची संगाथ या संस्था त्यात होत्या. गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. ते घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलत, समुपदेशक धीर देऊन मार्ग दाखवत आणि गरज पडली तरच रुग्ण मानसोपचारतज्ज्ञांकडे जाई. २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त त्याचे आकडे छापून आले. आधी डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम ४ जण मदत घेत, दीड वर्षानं २७ घेऊ लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलं.

असे समुपदेशक घडवायची रीत संगाथनं गोव्यात बसवली होती, ती मला फार आवडते. तिथं निवडलेल्या लोकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. आधी शिबिर. त्यात एकानं रुग्ण व्हायचं, दुसऱ्यानं समुपदेशक. मग प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम, आणि त्यातलं बोलणं रेकॉर्ड करायचं. पुढं सगळे गोल बसून ते रेकॉर्डिंग ऐकत आणि एकमेकांना गुण देत. उपचाराच्या पायऱ्या नीट पाळल्या का, याचे गुण वेगळे. नीट ऐकलं का, आपुलकीनं बोलला का, याचे वेगळे. आपणच मधे तोंड घातलेलं, घाईनं उपदेश केलेला चारचौघांत ऐकताना कान गरम होतात. माणूस तिथंच बदलायला लागतो. नुसत्या व्याख्यानानं कोणी बदललेला मी पाहिला नाही.

या गुणपत्रिकेत एक रकाना जातीचा हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकणाऱ्यानं आपल्या मनातला भेदभावही असाच चारचौघांत तपासला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १८ सांगतं, की उपचारात जात, धर्म, लिंग, वर्ग यावरून भेद करता येणार नाही. कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

हे दुसरं कलम आपल्या माणसांनीही ध्यानात ठेवावं. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी एम.एस.डब्ल्यू., मानसशास्त्र शिकून या कामात येत आहेत. येऊ द्या, त्यांची गरज आहे. पण समुपदेशक आपल्यातला आहे म्हणून चांगला, असं होत नाही. शेजारची घरची गोष्ट दुसऱ्या दिवशी नळावर पोहोचली, तर ती बाई पुन्हा कोणाशीच बोलणार नाही.

म्हणून पहिल्या भेटीत बघा: तुमचं बोलणं पुरं होऊ देतात का? आधी विचारतात की आधी उपदेश करतात? घरच्यांना बाहेर बसवून एकटं बोलायची सोय देतात का? पटलं नाही तर दुसरा समुपदेशक मागा, मात्र गोळ्या मनानं बंद करू नका. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालयात विचारा. जाणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.