घोड्याची निगा (उत्तर कोकण)

घोड्याची निगा या संज्ञेत घोड्याचा आहार, पाणी, खूर, निवारा, आरोग्य आणि सवारी यांच्या नियमित व्यवस्थेचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात तिचे विवेचन केले आहे. या पट्ट्याची स्वतःची अशी घोड्याची जात नाही. काठेवाडी, मारवाडी किंवा मिश्र जातीची जनावरे बाहेरूनच आणावी लागतात. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजार प्रसिद्ध आहे. तापीच्या कोरड्या खोऱ्यातून डिसेंबरात खरेदी केलेल्या घोड्याला सहाच महिन्यांनी किनाऱ्यावरचा पावसाळा सोसावा लागतो. निगेतील बहुतेक अडचणी या बदलातून उद्भवतात.

गवत

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकारी करता येत नाही. त्यामुळे चारा थोडाथोडा व दिवसभर मिळणे आवश्यक असते. प्रौढ घोड्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा आहार लागतो. ३५० किलोच्या घोड्याला ७ किलो. त्यातील मोठा वाटा गवताचा असावा. धान्य हे कामाच्या प्रमाणात द्यावयाचे पूरक खाद्य आहे, गवताचा पर्याय नव्हे.

डहाणू-तलासरीच्या माळांवरील गवत एकेकाळी मुंबईचे तबेले व म्हशींचे गोठे यांना पुरवले जाई. हे गवत वारली मजूर कापत. त्यांच्याकडून वेठीने किंवा नाममात्र मजुरीवर काम करवून घेतले जात असे. १९४५ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली त्यांनी ५०० पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात आली आहे. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. वाळलेले गवत धरल्यास एवढ्यात वरील मापाच्या एका घोड्याचा जेमतेम महिना निघतो.

गवताची प्रत कापणीच्या वेळेवर ठरते. पवन्या व मारवेल ही गवते फुलोऱ्यात असताना कापल्यास सकस राहतात. उशीर झाल्यास काडी निबर होते. कुसळी गवताच्या बाबतीत उशीर अधिकच घातक ठरतो, कारण त्याची टोकदार कुसळे जीभ, हिरड्या व डोळ्यांत रुततात. खाताना लाळ गळणे किंवा घास टाकून देणे ही त्याची लक्षणे असू शकतात. परतीच्या पावसात भिजलेले गवत वरून कोरडे दिसले तरी गंजीच्या पोटात बुरसते. मूठभर गवत झटकल्यावर धूळ उडाली किंवा कुबट वास आला, तर ते घोड्यास देऊ नये. त्याने पोटशूळ व श्वसनविकार होतात. गाईम्हशींना चालते म्हणून घोड्यालाही चालेल, हा समज येथे महागात पडतो.

दुसरा धोका सहज ध्यानात येत नाही. हत्ती गवतात ऑक्झॅलेटचे प्रमाण जास्त असते, ते चाऱ्यातील कॅल्शियम बांधून ठेवते; गव्हाच्या वा भाताच्या कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो. केवळ या दोहोंवर पोसलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात, जबडा सुजतो आणि चालीत लंगडेपणा येतो. कोंड्याचे प्रमाण मर्यादित ठेवून आहारात लसूणघास मिसळणे हा यावरील सोपा उपाय आहे. चारा बदलताना आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदलावा.

पाणी आणि मीठ

घोडा रोज २० ते ४० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात व श्रमानंतर अधिक. घामावाटे क्षार जात असल्याने चाटण्यासाठी मीठ सतत उपलब्ध असावे. दमट उष्म्यात काही घोड्यांचा घाम येणेच थांबते. श्रमानंतर अंग कोरडे आणि श्वास मात्र जलद असा घोडा दिसल्यास काम तत्काळ थांबवावे, त्याला सावलीत आणून अंगावर भरपूर गार पाणी ओतावे व पशुवैद्यकास बोलवावे.

खूर आणि रोग

नालबंदी किंवा खुरांची छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी करावी. पावसाळ्यात चिखल व लीद यांत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या तळव्यावरील त्रिकोणी मऊ भाग कुजतो; काळा, दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची खूण. खूर रोज खरवडून साफ करावेत आणि ठाणाची जमीन उंच व कोरडी असावी. औषधापेक्षा कोरडी जमीन अधिक उपयोगी पडते.

चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा परजीवीजन्य रोग प्राणघातक असतो. येऊन-जाऊन ताप, पोटाखाली व पायांवर सूज आणि खाऊनही खंगत जाणे ही त्याची लक्षणे असून निदानासाठी रक्ततपासणी करावी लागते. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव किंवा त्वचेवर गाठी-व्रण दिसल्यास घोडा वेगळा बांधून पशुसंवर्धन विभागास कळवावे. लहानशा जखमेतूनही धनुर्वात होत असल्याने त्याची लस चुकवू नये.

सवारी

खोगिरासह स्वाराचे वजन घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक नसावे. सुरुवातीची व शेवटची दहा-पंधरा मिनिटे घोडा चालवावा. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर कोरडे ठिपके दिसले, तर त्या जागी बहुधा खोगिराचा अतिदाब पडत असतो.

डहाणू, बोर्डी येथील किनाऱ्यांवर ओहोटीनंतरच्या ओल्या, घट्ट वाळूत घोडा चालवावा. कोरड्या, भुसभुशीत वाळूत दौडल्याने पायांच्या स्नायुबंधांवर ताण येतो. वाळूवर टाकलेला चारा खाल्ल्यास वाळू आतड्यात साचते. लीद पाण्यात कालवून स्थिर ठेवल्यास तळाशी बसणाऱ्या वाळूवरून याचा अंदाज येतो.

ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर असल्यास दुपारी १२ ते ३ या वेळेत त्यांना कामाला जुंपण्यास मनाई आहे.