तंबाखूचा बार आणि मरायला नकार देणारी पेशी: काय आहे 'कॅस्प-८' जनुक?

फेब्रुवारी-मार्चमध्ये सिद्धगडाच्या ट्रेकला गेलात तर पायाखाली वाळलेल्या पानांचा खच लागतो. झाडं आजारी नसतात. पाणी वाचवण्यासाठी ती स्वतःच पानं गाळतात. आपल्या शरीरातल्या पेशीही ठरवून मरतात. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी या प्रक्रियेला 'अपॉप्टॉसिस' हे ग्रीक नाव दिलं. त्याचा अर्थच मुळी पानगळ!

ही पानगळ थांबली तर काय होतं, हे समजून घेणं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. कारण त्याचा संबंध थेट खिशातल्या तंबाखूच्या पुडीशी आहे.

पेशी स्वतःहून का मरतात?

आईच्या पोटात असताना बाळाची बोटं सुरुवातीला पडद्याने जोडलेली असतात. मधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. पुढे आयुष्यभर बिघडलेल्या, विषाणू शिरलेल्या किंवा जुन्या पेशी अशाच काढून टाकल्या जातात. आसपासच्या पेशींना इजा होत नाही, सूज येत नाही.

कॅस्प-८ काय करतं?

हे जनुक आपल्या गुणसूत्रांच्या दुसऱ्या जोडीवर असतं. त्यातल्या माहितीवरून 'कॅस्पेज-८' नावाचं प्रथिन तयार होतं. १९९६ मध्ये त्याचा शोध लागला.

काम असं चालतं: रोगप्रतिकारक पेशीला एखादी पेशी बिघडलेली दिसली, की ती बाहेरून 'आता थांब' असा संदेश देते. आत तो संदेश पहिल्यांदा कॅस्पेज-८ घेतं आणि पुढच्या प्रथिनांना जागं करतं. ती प्रथिनं मग पेशीचे आतून तुकडे करतात. कॅस्प-८ बिघडलं तर संदेश दारापर्यंत येतो, पण आत पोहोचत नाही. मरायला हवी ती पेशी जगते आणि वाढत राहते.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पात भारताने तोंडाचा कॅन्सर अभ्यासाला घेतला. खारघरचं 'अ‍ॅक्ट्रेक' (टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन संस्था) आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची (आपलं कल्याण नव्हे!) राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी मिळून हे काम केलं. गाल आणि हिरडी यांच्या खोबणीत होणाऱ्या कॅन्सरवर त्यांचा भर होता. तंबाखूचा बार धरतात ती हीच जागा.

आधी ५० रुग्णांच्या जनुकांची सविस्तर तपासणी झाली, मग आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळणी. २०१३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये निष्कर्ष आले. या गाठींमध्ये वारंवार बिघडलेल्या जनुकांच्या यादीत टीपी-५३ सोबत कॅस्प-८ सुद्धा होतं. अर्थात, एकटं कॅस्प-८ बिघडलं म्हणून कॅन्सर होत नाही. अनेक जनुकांमधले बिघाड वर्षानुवर्षं साचत जातात.

'आमच्यात कॅन्सर नाही, मग मला कसा होईल?'

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो. गाठीतले हे बिघाड बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेले नसतात. ते त्या माणसाच्या आयुष्यात, त्याच्याच तोंडातल्या पेशींमध्ये होतात. तंबाखूतली नायट्रोसमाइन्स ही रसायनं डीएनएला चिकटून त्यात चुका घडवतात. चुन्यामुळे निकोटिन लवकर शोषलं जातं आणि सवय घट्ट होते. 'आजोबांनी नव्वदीपर्यंत तंबाखू खाल्ली' हे खरं असेलही. पण पेशीत कोणती चूक कधी होईल, हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येक बारासोबत धोका मात्र वाढतो.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण मळून खायची तंबाखू आणि दातांना लावायची मशेरी सहज मिळते. मुरबाड-शहापूरच्या गावांत पाहुण्यापुढे तंबाखू करणं हा तर पाहुणचाराचाच भाग. त्यामुळे नाही म्हणणारा उगाच शिष्ट ठरतो.

मग करायचं काय?

जनुकांची महागडी चाचणी करण्याची सरसकट गरज नाही. आरसा आणि टॉर्च पुरते.

• तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा
• दोन आठवड्यांत बरा न होणारा फोड
• तोंड पूर्वीसारखं न उघडणं, तिखट अजिबात सहन न होणं
• गालात किंवा मानेत गाठ

यातलं काहीही दिसलं तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तिशीनंतर सरकारी योजनेत तोंडाची तपासणी होते. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे.

सोडल्यावर झालेल्या सगळ्याच चुका पुसल्या जात नाहीत. पण नव्या चुकांची भर थांबते आणि काळानुसार धोका कमी होत जातो. म्हणून 'आता इतकी वर्षं खाल्ली, आता सोडून काय उपयोग' असं घरात कुणी म्हणालं, तर त्यांना हे नक्की वाचून दाखवा.