ऑनलाईन दुकानाची वही

गांवांतील वाण्याच्या दुकानीं आपण गेलों म्हणजे तो आपणांस तोंडावरून ओळखतो. गेल्या महिन्यांत कोणता तांदूळ नेला हें त्याच्या ध्यानांत असतें, आणि उधारी तर वहींत असतेच. ऑनलाईन दुकानास मात्र स्वभावतः कांहींच स्मरत नाहीं, असें सांगितल्यास आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस तें खरें वाटणार नाहीं. ज्या नियमांनीं संगणक एकमेकांस पानें धाडतात, ते नियमच विसरभोळे आहेत. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलों कीं दुकानाच्या लेखीं दारांत नवाच मनुष्य उभा राहतो. मग टोपलींत टाकलेली कंपासपेटी पैसे देण्याच्या पानापर्यंत टोपलींतच कशी राहते?

ही अडचण 1994 सालीं अमेरिकेंतील नेटस्केप कंपनीचे अभियंते लू माँटुली ह्यांनीं दूर केली. त्यांची युक्ति अशी: दुकानानें गिऱ्हाइकाच्या ब्राऊझरजवळ क्रमांक घातलेली एक लहानशी चिठ्ठी द्यावी, आणि पुढें प्रत्येक पान मागतांना ब्राऊझरनें ती परत दाखवावी. सायकल ठेवतांना आपणांस बिल्ला मिळतो, तशांतलाच हा प्रकार. ह्या चिठ्ठीस 'कुकी' म्हणतात.

चिठ्ठी आली तशी वहीही आली. दुकानाच्या पानांत एक छोटा प्रोग्राम बसवितात. गिऱ्हाइकानें वस्तु पाहिली, टोपलींत टाकली, काढून ठेवली, पैसे दिले, कीं प्रत्येक कृतीची एक ओळ वहींत पडते: वेळ, चिठ्ठीचा क्रमांक, कृति व वस्तु. ह्या वहीचा उपयोग खोटा नव्हे. समजा, 100 जणांनीं कंपासपेटी पाहिली, 20 जणांनीं टोपलींत टाकली आणि 3 जणांनींच घेतली. बाकीचे 17 जण कोठें गळाले? ओळी वाचतां दिसून येतें कीं, टपालखर्चाचा आंकडा ज्या पानावर प्रथम दिसतो तेथूनच ते परतले. दोष पेटीचा नसून लपविलेल्या खर्चाचा, हें दुकानदारास कळतें. आणि त्यासाठीं कोणाचें नांवगांव लिहिण्याचें कांहीं कारण पडत नाहीं. अमुक वस्तु घेणारांनीं आणखी काय घेतलें, हेंही अशाच ओळींवरून काढतां येतें. ॲमेझॉनच्या अभियंत्यांनीं आपली ही रीत 2003 सालीं एका लेखांत प्रसिद्ध केली आहे.

मात्र वहीस मनुष्य दिसत नाहीं, यंत्र दिसतें. आमच्या घरीं चिरंजीवांनीं आईच्या मोबाइलवर एकदां फुटबॉलचे बूट पाहिले. पुढें आठवडाभर त्या माउलीस बूटच दिसत राहिले! येथवर हंसण्यासारखें आहे. पण ते बूट तिला त्या दुकानांत नव्हे, तर बातम्या वाचतांना दिसत, ही गोष्ट हंसण्यासारखी नाहीं. जाहिरातींचा धंदा करणारी एखादी तिसरीच कंपनी शेंकडों दुकानांत आपला प्रोग्राम बसविते व आपली चिठ्ठी देते. मग निरनिराळ्या वह्यांतील पानें जोडून एकच वही बनते. औषधें कोणतीं पाहिलीं, परीक्षेचीं पुस्तकें कोणतीं, कर्जाची चौकशी केली कीं नाहीं, सारें एका क्रमांकाखालीं. वाण्यानें आपली वही साऱ्या बाजारास वाचावयास दिली असती तर गांवानें त्याला काय म्हटलें असतें? सफारी ब्राऊझर 2020 सालापासून अशी परक्याची चिठ्ठी आपण होऊन अडवितो. सगळेच तसें करीत नाहींत.

भारताच्या संसदेनें 2023 सालीं संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यांत मुलांचा स्वतंत्र विचार केला आहे. 18 वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वीं पालकांची पडताळून पाहतां येईल अशी संमति हवी. आणि सरकारनें दिलेल्या सवलती सोडल्यास, मुलांच्या हालचालींचा माग ठेवणें व त्यांना उद्देशून जाहिराती दाखविणें त्यांत निषिद्ध मानिलें आहे. येथें एक पेंच आहे. मूल कोण हें कळण्यासाठीं दुकानास वय विचारावें लागतें, म्हणजे वहींत आणखी एक ओळ! शिवाय मोबाइल आईचा असल्यास उत्तरही आईचेंच मिळणार. आमच्या मतें, मुलांच्या वस्तु विकणाऱ्या दुकानांनीं क्रमांकापलीकडे कांहीं लिहूंच नये, व जुन्या ओळी ठरल्या मुदतींत पुसाव्या.

पालकांस ब्राऊझरच्या सेटिंगमध्यें जाऊन ह्या चिठ्ठ्या केव्हांही पुसतां येतात. दुकानाच्या वहींत आधीं पडलेल्या ओळी त्यानें जात नाहींत. उलट, खातें न उघडतां भरलेली टोपली मात्र बहुधा रिकामी होते. तेव्हां कंपासपेटी घ्यावयाची असेल तर ती आधीं घ्यावी.